वेशीपर्यंत न पोचलेले प्रथिन

लहान मुलाच्या कपाळाचा मुका घेतला असता तो खारट लागला, तर ते मूल फार दिवस जगत नाही, अशी एक समजूत मध्य युरोपातील खेड्यापाड्यांतून कित्येक पिढ्या चालत आलेली होती. कोणी म्हणे मुलाला दृष्ट लागली आहे, कोणी म्हणे चेटूक झाले आहे. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु अनुभव मात्र खरा होता. अशी मुले नीट अंग धरीत नसत, त्यांना खोकला जडे, छातीत चिकट कफ साठे आणि पाचसात वर्षांच्या आतच बहुतेकांचा शेवट होई.

१९३८ साली न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीने मृत बालकांच्या शरीरांची तपासणी करून हा एक स्वतंत्र रोग आहे असे दाखवून दिले. स्वादुपिंडात त्यांना पुटकुळ्या व तंतुमय गाठी आढळल्या; त्यावरून या रोगास ‘सिस्टिक फायब्रोसिस’ असे नाव पडले. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरावर उष्णतेची भयंकर लाट आली. उकाड्याने गळून गेलेली जी मुले रुग्णालयात आणली गेली, त्यांत या रोगाची मुले डोळ्यांत भरण्याइतकी होती. डॉ. पॉल दि सांताग्नेझे यांनी त्यांच्या घामाची परीक्षा केली, तेव्हा त्यात मिठाचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि खेड्यातील आयांचा तो जुना अनुभव वैद्यकाच्या ग्रंथात जाऊन बसला.

तथापि कोडे सुटले नव्हते. घामातील मीठ, फुफ्फुसातील कफ आणि स्वादुपिंडातील गाठी या तीन गोष्टींचा परस्परांशी संबंध तरी काय? त्याचे उत्तर मिळण्यास आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली आणि जे मिळाले ते मोठे विलक्षण होते. या तिन्ही ठिकाणच्या पेशींना एका विशिष्ट प्रथिनाची गरज असते. बहुसंख्य रोग्यांच्या शरीरात ते प्रथिन तयार होते. परंतु जेथे त्याने असावयास हवे, त्या पेशीच्या पटलापर्यंत ते पोचतच नाही. माल कारखान्यात तयार होतो, पण वेशीवर येत नाही. ही गोष्ट नीट समजावयाची, तर निरोगी पेशीत नवे प्रथिन पटलापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ, तेलकट पडदा असतो. यालाच पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते. पेशीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी. मध्ये हा तेलाचा तट. तेलातून मीठ जात नाही, साखर जात नाही. तेव्हा तट अभेद्य आहे खरा, परंतु नुसत्या अभेद्य तटाच्या आत वस्ती जगू शकत नाही. तिला वेशी हव्यात, पहारेकरी हवेत, बाहेरची वर्दी आत आणणारे जासूद हवेत. ही सर्व कामे पटलात रोवून बसलेली प्रथिने करतात. कोणी मिठाची ये-जा सांभाळते, कोणी साखरेस वाट देते, कोणी रक्तातून आलेल्या संप्रेरकाचा निरोप घेते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. ते कोणत्या क्रमाने ओवावयाचे, हे जनुक ठरविते. माळ ओवून झाली की ती आपोआप गुंडाळली जाऊन एक ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावरच तिचे काम अवलंबून असते. ओवण्याचे काम रायबोसोम नावाचे अतिसूक्ष्म कण करतात आणि ते असतात पेशीच्या आतल्या पाणथळ भागात. म्हणजे अडचण अशी, की पटलातील प्रथिन घडते आत, पाण्यात. बसावयाचे असते तटाच्या तेलात. आणि तेही कसेबसे नव्हे, तर ठरलेले एक अंग बाहेर व दुसरे आत अशा रीतीने. वेशीचा दरवाजा उलटा बसविला तर तो निरुपयोगीच ठरावयाचा.

या वाटेतील एक महत्त्वाचा टप्पा प्रथम दृष्टीस पडला तो १८९८ साली. इटलीतील पाव्हिया येथील कामिल्लो गॉल्गी हे चांदीच्या क्षाराने मज्जापेशी रंगवून पाहत असत. घुबडाच्या मेंदूतील पेशींत त्यांना केंद्रकाजवळ एक नाजूक काळी जाळी दिसली. त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु ही जाळी खरोखरच पेशीत असते की रंगाच्या प्रक्रियेने उगीच निर्माण झालेला तो एक आभास आहे, यावर विद्वानांचा वाद पुढे अर्धे शतक चालू राहिला. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटविला. ताटल्यांची चळत रचून ठेवावी, तशी चपट्या पोकळ पिशव्यांची एक चळत पेशीत स्पष्ट दिसू लागली. तीच गॉल्गी पिंड होय. त्याच सुमारास पेशीभर पसरलेल्या पोकळ नळ्यांचे व पापुद्र्यांचे दुसरे एक जाळेही उजेडात आले. त्यास आंतर्द्रव्यजालिका हे नाव आहे. आपण तिला केवळ जालिका म्हणू. तिच्या पुष्कळशा भागावर रायबोसोमचे कण खसखशीसारखे चिकटलेले असतात.

इंद्रिये दिसली, पण त्यांचा कार्यक्रम कळला नव्हता. तो उलगडला जॉर्ज पॅलाडे यांनी. पॅलाडे मूळचे रुमानियाचे. १९१२ साली याश नगरात त्यांचा जन्म झाला आणि १९४६ साली ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी अभ्यासासाठी स्वादुपिंड निवडले आणि ही निवड मोठी मार्मिक होती. जेवणानंतर अन्न पचविण्यासाठी स्वादुपिंड दररोज सुमारे एक ते दीड लिटर पाचकरस आतड्यात सोडते. त्यातील पाचक प्रथिने पेशीत बनतात आणि पेशीबाहेर टाकली जातात. तेव्हा प्रथिनांची वाहतूक पाहावयाची, तर इतकी वर्दळीची पेठ दुसरी कोठे मिळणार?

पाटाच्या वाहत्या पाण्यात क्षणभर हळद टाकावी आणि तो पिवळा पट्टा कोणत्या वाफ्यात केव्हा पोचतो ते पाहत राहावे, तशी युक्ती पॅलाडे व त्यांचे सहकारी जेम्स जेमिसन यांनी योजली. गिनिपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या त्यांनी घेतल्या आणि त्यांना अवघी तीन मिनिटे किरणोत्सर्गी ल्यूसिन दिले. ल्यूसिन हा माळेतील एक मणी. त्या तीन मिनिटांत ओवल्या गेलेल्या माळांवर तेवढी खूण उमटली. लगेच ते ल्यूसिन धुऊन काढून त्यांनी साधे ल्यूसिन दिले आणि ठरावीक वेळाने एकेक चकती काढून तिच्यावर छायाचित्राच्या काचेवर असतो तसा द्रव पसरला. खूण असलेले प्रथिन जेथे असेल तेथे काळा ठिपका उमटे.

पहिल्या तीन मिनिटांच्या शेवटी ठिपके जालिकेवर होते. आणखी सात मिनिटांनी ते गॉल्गी पिंडाच्या कडेला सरकले होते. सदतीस मिनिटांनी गॉल्गीजवळच्या मोठ्या साठवणीच्या पोकळ्यांत त्यांची गर्दी झाली होती. आणि सुमारे दोन तासांनी ते पेशीच्या टोकाशी असलेल्या पाचकद्रव्यांच्या कणांत व त्यापलीकडील नलिकेतही पोचले होते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने वाट निश्चित झाली. प्रथम जालिका, मग गॉल्गी, मग पटल. आणि एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जाण्यासाठी लहान लहान गोल पुटिका. एका पापुद्र्याला फुगा यावा, तो सुटून निघावा आणि पुढच्या पापुद्र्यात विरघळून जावा, असा हा प्रवास आहे. पॅलाडे यांना अल्बर्ट क्लॉड व क्रिस्तियाँ द दूव्ह यांच्यासमवेत १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पुटिकांच्या प्रवासातच दरवाजा सुलटा बसण्याचे रहस्य आहे. पटलात बसणारे प्रथिनही याच वाटेने जाते. फरक इतकाच, की ते पुटिकेच्या पोटात नसून तिच्या भिंतीत रोवलेले असते. पुटिका पटलाला भिडून एकजीव झाली, की तिचे पोट बाहेरच्या बाजूस उघडते. अंगरख्याचा खिसा उलटा करून बाहेर ओढला म्हणजे आतले अस्तर बाहेर दिसू लागते, तसेच हे. प्रथिनाचा जो भाग जालिकेच्या आतील बाजूस होता, तोच शेवटी पेशीच्या बाहेर तोंड करून राहतो. म्हणजे दरवाजाची दिशा वेशीवर ठरत नाही. ती अगदी पहिल्या मुक्कामावर, जालिकेतच ठरून जाते.

मग पहिल्या मुक्कामावर तरी प्रवेश कसा मिळतो? पेशीत हजारो जातींची प्रथिने बनत असतात. त्यांपैकी काही आतल्या पाण्यातच राहावयाची असतात, काहींनी केंद्रकात जावयाचे असते. नेमक्या हव्या त्याच माळा जालिकेत शिरतात त्या कशा? या प्रश्नाचा छडा लावला तो गुंटर ब्लोबेल यांनी. १९७१ साली डेव्हिड सबाटिनी यांच्यासह त्यांनी एक कल्पना मांडली. पत्राच्या पाकिटावर असतो तसा पत्ता प्रथिनावरच लिहिलेला असावा, आणि तोही माळेच्या पहिल्याच मण्यांत. त्या वेळी तिला प्रत्यक्ष पुरावा नव्हता. तो १९७५ साली ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरश्टाइन यांनी काचेच्या नळीत उभा केला. उंदराच्या पेशीतील संदेश घेऊन त्यांनी नळीतच प्रथिन ओवविले आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडातील जालिकेचे पापुद्रे त्यात मिसळले. माळ ओवली जात असताना पापुद्रे हजर असले, तर प्रथिन त्यांच्या आत शिरे व आखूड होऊन निघे. ओवणे पुरे झाल्यावर पापुद्रे घातले, तर ते बाहेरच राही आणि थोडे लांब असे. जेवढे ते लांब असे, तेवढाच पत्ता होता. आत शिरताच त्याचे काम संपे आणि तो कापून टाकला जाई.

हा पत्ता साधारण पंधरा ते तीस मण्यांचा असतो आणि त्याच्या मधल्या भागात तेलाशी जमणारे मणी असतात. तो रायबोसोममधून डोकावू लागताच एक फिरता कण त्याला पकडतो, ओवण्याचे काम क्षणभर थांबवितो आणि रायबोसोमला हाताला धरून नेल्याप्रमाणे जालिकेपर्यंत नेतो. तेथे एक अरुंद बोगदा असतो. रायबोसोम त्याच्या तोंडाशी बसला, की ओवणे पुन्हा सुरू होते आणि माळ तयार होता होताच बोगद्यातून आत जाते. जे प्रथिन पटलात राहावयाचे आहे, त्याच्या माळेत पुढे तेलाशी जमणाऱ्या सुमारे वीस मण्यांचा आणखी एक पट्टा येतो. तो आला की माळ पुढे सरकत नाही. बोगद्याची बाजू उघडते आणि तो पट्टा अलगद तेलात सरकतो. अनेक वेळा आरपार जाणाऱ्या प्रथिनात असे अनेक पट्टे असतात. कपड्याला धावदोरा घालावा, तशी ती माळ पापुद्र्याला शिवली जाते.

ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बालपणी महायुद्धाच्या अखेरीस घर सोडून पळताना त्यांनी ड्रेस्डेन शहर पाहिले होते आणि थोड्याच दिवसांत बाँबवर्षावाने त्या शहराची राख झाली होती. पारितोषिकाची जवळजवळ सर्व रक्कम त्यांनी तेथील उद्ध्वस्त वास्तू पुन्हा उभारण्यास देऊन टाकली.

आता राहिला पुढचा प्रवास. पुटिका सुटते कशी आणि योग्य ठिकाणी मिसळते कशी? यासाठी रँडी शेकमन यांनी कॅलिफोर्नियात यीस्टचा आश्रय घेतला. गोव्याचे पोदेर ज्या सुरेने पूर्वी पावाचे पीठ फुगवीत असत, तिच्यात वाढणारे हेच एकपेशीय जीव. पंचवीस अंश उष्णतेवर नीट वाढणारी, पण सदतीस अंशांवर ज्यांचे एखादे जनुक निकामी होते अशी यीस्टची बिघडलेली वाणे शेकमन आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी शोधून काढली. १९७९ साली त्यांनी अशा पहिल्या वाणाचे वर्णन प्रसिद्ध केले. उष्णता वाढविताच त्याचा पेशीबाहेर माल टाकण्याचा व्यवहार थंडावे आणि पेशी पुटिकांनी खचाखच भरून जाई. तापमान उतरविले की तुंबलेली वाहतूक पुन्हा सुरू होई. पुढच्याच वर्षापर्यंत या वाहतुकीस आवश्यक अशी तेवीस जनुके हाती लागली. नंतर एकाच पेशीत दोन बिघाड घडवून त्यांचा क्रमही लावता आला. एकाच रस्त्यावरचे दोन नाके बंद केले, तर गाड्या अलीकडच्या नाक्यावर तुंबतात. त्यावरून कोणता नाका आधीचा, हे सहज कळते.

त्याच काळात जेम्स रॉथमन हे पेशी फोडून, तिचे भाग नळीत मिसळून हीच वाहतूक चालवून पाहत होते. पुटिकेवर एक विशिष्ट प्रथिन असते आणि जेथे ती मिसळावयाची त्या पटलावर त्याचे जोडीदार असतात, हे त्यांनी १९९३ साली दाखविले. सुंभाचे पेड एकमेकांभोवती वळावेत, तशी ही प्रथिने परस्परांना पीळ घालतात. पीळ घट्ट होताच पुटिका व पटल इतकी जवळ ओढली जातात, की तेलाच्या दोन थेंबांप्रमाणे त्यांचा एक थेंब होतो. मज्जापेशीत हे मीलन नेमक्या क्षणी घडविण्याचा इशारा कॅल्शियमकडून कसा मिळतो, हे थॉमस झ्यूडहोफ यांनी उलगडले. शेकमन, रॉथमन व झ्यूडहोफ या तिघांना २०१३ साली नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

हा पीळ जीवनास किती आवश्यक आहे, याचा एक दारुण पुरावा प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. खिळा लागून किंवा अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्याने होणारा धनुर्वात हा तोच पुरावा होय. त्या जंतूचे विष मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यापर्यंत पोचते आणि नेमके पुटिकेवरचे ते पिळाचे प्रथिन कापून टाकते, हे १९९२ साली सिद्ध झाले. स्नायूंना ‘आता सैल व्हा’ असा निरोप देणाऱ्या मज्जापेशींवर त्याचा घाला पडतो. निरोपाचे द्रव्य पुटिकांत भरून तयार असते, पण त्या पटलात मिसळू शकत नाहीत. स्नायू आखडलेलेच राहतात आणि रोग्याची पाठ धनुष्यासारखी वाकते. एका प्रथिनाचा एक तुकडा पडला, एवढेच काय ते घडलेले असते. लसीकरण व सुरक्षित बाळंतपण यांच्या प्रसाराने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, त्यामागे किती घरांचे दुःख टळले असेल!

पटलाकडे जाणारा सर्वच माल तयार होताच रवाना होतो असे मात्र नाही. काही माल कोठारात थांबवून ठेवतात व मागणी आली की पाठवितात. स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत साखरेला वाट देणारे एक प्रथिन असे पुटिकांत दडून बसलेले असते. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढले, की त्या पुटिका पटलाकडे धावतात, साखर आत येते आणि इन्शुलिन ओसरले की दरवाजे पुन्हा आत ओढून घेतले जातात. १९८० साली अमेरिकेतील दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी हे दाखविले. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात इन्शुलिनची ही हाक पेशींना नीट ऐकू येईनाशी होते. मात्र चालणे व अंगमेहनत यांनी स्नायूंतील हेच दरवाजे इन्शुलिनवाचूनही वेशीवर येतात. मधुमेह्यास डॉक्टर रोज फिरावयास जाण्याचा आग्रह धरतात, त्याचे एक कारण पेशीतील या हालचालीत आहे.

आता पुन्हा त्या खारट कपाळाच्या मुलाकडे वळू. १९८९ साली लॅप-ची त्सुई, जॉन रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक शोधून काढले. त्यापासून घडणारे प्रथिन म्हणजे १४८० मण्यांची एक लांब माळ. मिठाचा जो एक घटक, क्लोराइड, त्यास पेशीपटलातून वाट देणारी ही वेस आहे. घर्मनलिकेत ती नसली, तर घामातील मीठ परत शरीरात ओढले जात नाही आणि घाम खारट राहतो. फुफ्फुसात ती नसली, तर श्वासनलिकांवरील ओलावा कमी होऊन कफ चिकट होतो. स्वादुपिंडात नसली, तर रस घट्ट होऊन नलिका तुंबतात. तिन्ही लक्षणांचे मूळ एकच निघाले. बहुसंख्य रोग्यांत या माळेतील एकच मणी, ५०८ व्या स्थानावरचा, गळालेला असतो.

एका मण्याने एवढा अनर्थ का व्हावा? जालिका हा नुसता प्रवेशाचा बोगदा नव्हे; ती तपासणीचा नाकाही आहे. तेथे माळेला गुंडाळण्यास मदत करणारी प्रथिने असतात. घडी नीट बसली असेल, तरच पुढच्या पुटिकेत जागा मिळते. जे प्रथिन अर्धवट गुंडाळले असेल, त्यास थांबवून ठेवतात, आणि तरीही ते सुधारले नाही तर बाहेर ओढून त्याचे तुकडे करतात. हा कडकपणा एरवी हिताचाच असतो. परंतु एक मणी गळाल्याने या प्रथिनाची घडी सैल पडते, नाक्यावर ते अडते आणि बहुतेक सर्व तेथेच नष्ट केले जाते. ते पटलापर्यंत पोचत नाही, हे १९९० साली स्पष्ट झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी एक आशेचा किरण दिसला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा बरेच खाली, तीस अंशांच्या आसपास वा त्याहून कमी आणले, तर घडी काहीशी बरी बसे, काही प्रथिन नाक्यातून सुटे, पटलावर पोचे आणि तेथे क्लोराइडला वाटही देई. म्हणजे ते अगदीच निकामी नव्हते. त्याला पोचू मात्र दिले जात नव्हते. मुलाला थंडगार करून ठेवणे शक्य नाही; परंतु जे थंडी करते तेच एखाद्या औषधाने साधता येईल, अशी दिशा संशोधकांना मिळाली.

ती दिशा धरून पुढची सत्तावीस वर्षे हजारो द्रव्ये चाळण्यात गेली. २०१२ साली पहिले औषध आले. प्रथिन पटलावर पोचते पण दार उघडत नाही, अशा थोड्या रोग्यांपुरते ते उपयोगी होते. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत तीन द्रव्यांच्या एकत्रित औषधास मान्यता मिळाली. त्यांतील दोन द्रव्ये प्रथिनाला आधार देऊन त्याची घडी सावरतात, त्यामुळे ते नाका ओलांडते. तिसरे द्रव्य, पटलावर पोचलेले दार उघडे ठेवते. रोग्यांचा श्वास मोकळा झाला आणि, विशेष म्हणजे, त्यांच्या घामातील मीठही उतरले. १९५० च्या सुमारास ज्या रोगाची मुले शाळेचा उंबरठाही क्वचितच ओलांडीत, त्याच रोगाचे तरुण आज म्हातारपणाची तरतूद करण्याच्या गोष्टी बोलू लागले आहेत.

अर्थात हा पूर्ण विजय नव्हे. औषध जन्मभर घ्यावे लागते. काही रोग्यांत ते प्रथिन मुळी तयारच होत नाही. त्यांना घडी सावरून काय उपयोग? आणि सर्वांत मोठी अडचण किमतीची. अमेरिकेत हे औषध बाजारात आले तेव्हा त्याची जाहीर किंमत एका रोग्यास एका वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक होती. सधन देशांतून सरकारे व विमा संस्था हा भार उचलतात. इतरत्र आईबापांना औषध आहे एवढेच ऐकून स्वस्थ बसावे लागते.

पेशीचा अभ्यास करणाऱ्यांनी शंभर वर्षांत जे शिकविले ते थोडक्यात इतकेच, की वस्तू घडविणे हे अर्धेच काम होय. ती योग्य जागी, सुलट आणि वेळेवर पोचविणे हे उरलेले अर्धे. मुलाच्या कपाळावरचा खारटपणा ही एके काळी मृत्यूची खूण मानली जात असे. आज ती निदानाची खूण आहे आणि घामाच्या एका साध्या परीक्षेने रोग ओळखता येतो. त्या परीक्षेनंतर प्रत्येक घरी उपचारही व्हावयाचा असेल, तर त्या प्रथिनाप्रमाणेच औषधाचीही वाट कोठे कोठे अडली आहे ते शोधून काढून ती मोकळी करावी लागेल.